गाडीखालची कोकरं

“ह्या गाडीपरीस माजा बोकड बरा. सात पावसाळं काढलं, पर त्येच्या पोटाला कवा गंज चढला न्हाई.”

पुटपुट गाडीखालून आली. चंद्राबाई चहाचा कप घेऊन मागच्या चाकाला अगदी टेकून उभी होती, म्हणून तिला ऐकू गेली. धुळा काही मोठ्यानं बोलणाऱ्यातला नव्हता. एरवी ती खुदकन हसली असती आणि वर म्हणाली असती, बोकडाला पेट्रोल तरी कुठं लागतंय. आज ती कपाच्या काठावरचा ओघळ बोटानं पुसत राहिली.

गाडीची मागची दोन्ही चाकं दगडांवर चढवली होती आणि त्या उंचवट्यात धुळा उताणा सरकला होता. बाहेर दिसत होते नुसते पाय. पायांशी पोत्यावर त्याचा तांबडा पटका घडी करून ठेवलेला. ऑइल लागेल म्हणून उदयसिंहानंच तो काढायला लावला होता. पंचवीस वर्षं हा माणूस म्हसवडकडनं दर साल तिच्या रानात मेंढरं बसवायला येत होता, पण त्याचं उघडं डोकं तिनं आज सकाळी पहिल्यांदा पाहिलं. कपाळावर रेघ ओढल्यासारखं. रेघेच्या खाली उन्हानं काळं पडलेलं, वर फिकट आणि मऊ, बाळाच्या टाळूसारखं. तिनं लगेच मान वळवली होती. बघू नये ते बघितल्यासारखं झालं होतं.

“धुळाबा, च्या आणलाय.”

“ठिवा तितं.”

“गार हुईल.”

“हुं द्या.”

आणि परत तारेचा ब्रश सुरू झाला. खर्र, खर्र. गंजाचा तांबूस भुगा धुळाच्या पोटावर, छातीवर, कानात पडत होता. मध्येच तो थुंकायला मान वळवी तेव्हा ब्रश थांबे. तेवढ्या शांततेत चंद्राबाईला वाटे, आत्ता. आत्ता बोलून टाकावं. तेवढ्यात ब्रश परत सुरू होई.

अंगणात खुर्ची टाकून उदयसिंह बसला होता. अर्धी चड्डी, पलटणीचा बनियन, मांडीवर पॉलिश पेपरची गुंडाळी. सैन्यातनं सुट्टीवर येऊन त्याला जेमतेम एक दिवस झाला होता.

“धुळाबा, वरची बाजू. वर दिसत न्हाई म्हणून सोडायची न्हाई. गंज तिथंच लपून बसतो. हात आत घाला. प्रॉपर.”

“व्हय सायेब.”

हे सायेब चंद्राबाईला टोचलं. नऊ वर्षांचा असताना हाच उदा धुळाच्या घोंगड्यात कोकरू मांडीवर घेऊन झोपायचा, आणि धुळा त्याला “ए उदा, ऊट की रं” म्हणून हलवून उठवायचा. सायेब कवा झाला, ते तिला आठवेना. दाराशी बाजेवर तिचा नवरा, लालासाहेब, पेपर वाचत होता. पेपर कालचा होता.

*

दसरा झाला की धुळा आणि त्याची बायको रंगुबाई मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरत. सोयाबीन निघालेल्या रानात वाघर लावायची, म्हणजे जाळ्याचं कुंपण करून मेंढरं बसवायची. लेंड्यांचं खत रानाला मिळे, मेंढरांना चारा आणि बिऱ्हाडाला धान्य. पाच-सहा दिवस चंद्राबाईचं रान, मग शेजारच्या आप्पासोचं, मग पुढच्याचं. कागद नव्हता, पावती नव्हती. धुळा आला म्हणजे आला.

औंदा दिवाळीनंतर अवकाळी लागला. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, पण गार वाऱ्याबरोबर आडवी भुरभुर, सरळ अंगात शिरणारी. मेंढ्या नुकत्याच व्यालेल्या. पहिल्याच दिवशी सांजच्याला रंगुबाई ओट्याशी आली ती पदरात दोन कोकरं घेऊन, आणि दोन्ही मेलेली होती. ती काही मागायला आली नव्हती. नुसती म्हणाली, “आक्का, कुदळ द्या वाईच. पुरायची हायती.”

चंद्राबाईनं कुदळ दिली. मग कमरेची किल्ली काढली आणि घराशेजारचं पत्र्याचं शेड उघडलं.

शेडमध्ये उदयसिंहाची गाडी होती. त्यानं स्वतःच्या कमाईतून घेतलेली पहिली मोठी वस्तू. आधी समुद्राकाठच्या पोस्टिंगवर होती, दोन वर्षांपूर्वी घरी आणून ठेवलेली. दर आठवड्याला फोन यायचा, तब्येत कशी हाय, आणि मग, शेडचं कुलूप कुणाला काढू देऊ नकोस. गाडीवर कापडाचं झाकण होतं, चारी बाजूंनी बांधलेलं. कोकरं आत सोडल्याबरोबर ती आपसूक गाडीखाली गेली. तीसेक कोकरं. पत्र्याच्या फटीतून येणारी भुरभुर तिथं पोचत नव्हती. चंद्राबाईनं पाचट पसरलं, चुलीतली राख टाकली. गाडी वरनं झाकलेली होती. खालनं कोण बघतंय?

बारा दिवस पाऊस. बारा दिवस ती कोकरं गाडीखाली राहिली, एकमेकांच्या पाठीवर हनुवट्या टेकून. मेंढ्या दिवसातून चार वेळा येऊन त्यांना पाजून जात. सगळं शेड उबदार, मुताच्या वासाचं, बें-बें आवाजाचं. रंगुबाई आणि चंद्राबाई दाराशी बसून तंबाखूची मिसरी लावत नि पोरीबाळींच्या गोष्टी करत. नंतर एकही कोकरू मेलं नाही. खरं सांगायचं तर इतके बरे दिवस चंद्राबाईनं बऱ्याच सालात काढले नव्हते.

ऊन पडलं, आणि कोकरं बाहेर काढून शेड झाडायच्या आतच, न सांगता, उदयसिंह आला. बायको-पोरं मागनं येणार होती, त्यांना रविवारी खंडाळ्याला सासरवाडीला न्यायचं होतं. त्यानं गाडी सुरू केली तर ट्रॅक्टरसारखा आवाज. वाकून बघितलं तर सायलेन्सर मागच्या टोकापासून पार इंजिनापर्यंत तांबडा, ओला, खवलेखवले धरलेला. एका ठिकाणी तर बोट आत जाईल असं भोक. आणि खाली लेंड्या.

“शेडात मेंढरं कुणी घातली?”

अंगणात सगळेच होते. चंद्राबाईच्या हातात पिठाची परात होती. गेल्या उन्हाळ्यात शेडचे पत्रे बदलताना गाडी अंगणात काढली होती, तेव्हा तिनं हिच्याच बॉनेटवर कुरडया वाळत घातल्या होत्या, पत्रा झकास तापायचा म्हणून. फोनवरच्या व्हिडिओत त्याला ते दिसलं होतं. तेव्हा तो जे बोलला ते त्याच्या मागं उभ्या असलेल्या सुनेनंही ऐकलं होतं. अडाणी ती अडाणीच राहणार तू. दोन दिवस ती ओल्या फडक्यानं बॉनेट पुसत बसली होती. कुरडयांचे गोल काही केल्या जाईनात.

परातीवर तिची बोटं घट्ट झाली. धुळानं तिच्याकडं एकदाच बघितलं.

“आमीच की,” तो म्हणाला.

त्यानं ते अगदी सहज, मेंढरू अंगावर घ्यावं तसं घेतलं. त्याला वाटलं असणार, बाईमाणूस दचकलंय, आज पोराचा राग जाऊ दे, सकाळी सांगेल. चंद्राबाईलाही तसंच वाटलं होतं. पण सकाळ झाली, आणि उदयसिंह म्हणाला, “ज्यानं घाण केली त्यानं साफ करायची. आमच्याकडं असंच असतं.” धुळानं पटका काढला नि गाडीखाली गेला.

*

दुपारी भाकरी-कालवण घेऊन ती रानात गेली. रंगुबाई एका कोकराच्या खुरातला काटा काढत बसली होती. कोकरू दोन गुडघ्यांत दाबलेलं, तोंडात सुई.

“रंगू, भाकरी आणलीया.”

रंगुबाईनं सुई तोंडातून काढली. “ठिवा मालकीणबाई.”

पंचवीस वर्षांत ती आक्काशिवाय काही म्हणाली नव्हती. चंद्राबाई उभीच राहिली. काटा निघाला. कोकरू लंगडत आईकडं पळालं.

“रागावलीस व्हय गं?”

“आमी कुणावर रागावणार?” रंगुबाईनं हात मातीत घासले. “सकाळपास्नं उताणं पडल्यात ते. गेल्या सालापास्नं पाठीत कळ हाय त्येंच्या. मी म्हणलं मी जाते गाडीखाली. तर म्हणालं, तू गेलीस तर बायको घातली म्हणतील.”

“मी सांगते उदाला. आज सांगते.”

“सांगा की.” ती भाकरीचं फडकं सोडू लागली. सोडता सोडता म्हणाली, “तुमच्या घरातलं तुमी बगा. आमी काय, उद्या-परवा उठून जानारी मानसं.”

येताना बांधावर चंद्राबाईनं वाक्य जुळवलं. उदा, कुलूप मी काढलं, कोकरं मरत हुती. एवढंच. सोपं होतं. अंगणात पोचेपर्यंत तिनं ते आठ-दहा वेळा म्हटलं, आणि अंगणात उदयसिंह फोनवर कुणाला तरी हसून सांगत होता, “अरे हमारे यहाँ के लोग ऐसे ही हैं यार, कितना भी समझाओ.” वाक्य तिनं तिथंच सोडून दिलं.

ती बाजेपाशी गेली. “आवं, तुमी तरी बोला की त्येला.”

लालासाहेबानं पेपर थोडा खाली केला. “काय?”

“तुमाला म्हाईत हाय काय ते. तुमी बी बगितलं की मी कुलूप काढताना.”

“आता तो तापलाय,” तो हळूच म्हणाला. “रंग वाळू दे. मग बोलू निवांत.”

“रंग कुणाचा? गाडीचा का त्येचा?”

लालासाहेबाला हसू आलं, पण त्यानं ते पेपरात लपवलं. हाच माणूस गावच्या सोसायटीत चेअरमनला तोंडावर चोर म्हणाला होता. पोरानं पहिल्या सुट्टीत येऊन “बाबा, तुम्हाला काही कळत नाही” म्हटल्यापासून तो पेपरच वाचत होता.

*

दुसऱ्या दिवशी घासकाम संपलं. ब्रशनं खवले गेले होते, आता पॉलिश पेपर. धुळानं तो इतका नीट फिरवला की उदयसिंहही वाकून बघून “बरं झालंय” म्हणाला. जन्मभर मेंढरांची लोकर कातरलेले हात होते ते, कातडीला न लागता. नळी चाचपताना तो एका ठिकाणी थांबला. बोटानं टिचकी मारली. मग दुसरीकडं.

“सायेब.”

“काय?”

“ही भोकं भायेरनं न्हाई पडल्याली. आतनं खाल्लंया. हितं आवाज बगा कसा ढबढब. ह्यो गंज लय जुना हाय, चार-पाच सालाचा.”

उदयसिंहाचा चेहरा आवळला. समुद्राकाठच्या पोस्टिंगवर गाडी दोन पावसाळे उघड्यावर उभी होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यालाही.

“मला शिकवू नका, धुळाबा. बारा दिवस मूत पडलं की लोखंडाचं काय होतं मला कळतं.”

“व्हय सायेब.”

पण एक खरं की कामाची उदयसिंहाला माया होती. थिनरचं फडकं त्यानं स्वतः फिरवलं. “तेलाचा एक डाग राहिला तरी रंग धरत न्हाई.” भोकावर पुट्टी लिंपून, वरून पत्र्याची पट्टी पट्ट्यानं आवळली, तेव्हा तोही कोपरांवर जमिनीला टेकला होता, धुळाच्या शेजारी, दोघांची डोकी एकाच चाकाआड. चंद्राबाई ओट्यावरून बघत होती. क्षणभर दोघंही मागच्या काळातले वाटले. मग उदयसिंह उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, “रंगाचा हात पातळ मारायचा. जाड मारला की गरम झाल्यावर फोड येतात. आणि थेंब खाली सांडायचा न्हाई, इम्पोर्टेड हाय, ताप सोसणारा.”

धुळा परत उताणा झाला. चंदेरी रंगाचा डबा छातीवर ठेवून त्यानं ब्रश बुडवला. रंगाचे बारीक शिंतोडे त्याच्या पांढऱ्या मिशीवर बसले आणि ती अजूनच पांढरी दिसू लागली.

तेवढ्यात शेजारचा आप्पासो आला. धुळाची मेंढरं आज त्याच्या रानात बसायची होती. तो अंगणात आला, पण बसला नाही.

“काय आप्पासो, उभं का?” लालासाहेब म्हणाला.

“न्हाई, सांगायला आलो. मेंढरं औंदा नगत आमच्या रानात. घरात तसं ठरलं.”

ब्रश थांबला. गाडीखालून धुळाचा आवाज आला, “का वो, आप्पासो?”

आप्पासो गाडीकडं न बघता चंद्राबाईकडं बघत म्हणाला, “आता गावात बोलतात ते खरं का खोटं मला काय म्हाईत. पर कुलूप तोडून शेडात मेंढरं घालणारा माणूस म्हंजी... आमची बी खताची पोती उघड्यावर असत्यात. मोटार हाय हिरीवर. उगं भानगड नको.”

कुलूप तोडून. दोन दिवसांत ‘काढलं’चं ‘तोडलं’ झालं होतं. उदयसिंहानं चहाच्या टपरीवर काय सांगितलं होतं, आणि ऐकणाऱ्यांनी काय जोडलं होतं, देव जाणे. कुलूप धड होतं, शेडच्या कडीला लोंबत होतं, सगळ्यांना दिसेल असं. आणि एकानंही तिकडं बघितलं नाही.

गाडीबाहेर दिसणारा धुळाचा पाय आखडला आणि परत सरळ झाला.

चंद्राबाई ओट्यावरून उठली. दोन पायऱ्या उतरली. तोंड उघडलं. उदयसिंहानं मान वळवून तिच्याकडं बघितलं, नुसतं बघितलं, कपाळाला एक आठी घालून, काय गं आता, अशा नजरेनं.

“च्या घेता का, आप्पासो?” ती म्हणाली.

“न्हाई, नुकताच झाला.”

तो गेला. ती पायरीवर तशीच उभी राहिली. पायाखालचा दगड तापला होता तरी तिला कळलं नाही. आत जाऊन तिनं उगाच चहा टाकला, कुणालाच नको असलेला. तो उतू गेला, चूल विझली, आणि राखेत हात घालून ती बसून राहिली. तिला स्वतःची इतकी किळस पूर्वी एकदाच आली होती, धाकट्या जावेच्या बाळंतपणात घरातलं तूप लपवलं होतं तेव्हा. पण तेव्हा ती सतरा वर्षांची होती.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी रंगाचा दुसरा हात झाला. तो वाळेपर्यंत धुळानं रानात जाऊन वाघर सोडली, काठ्या मोळीत बांधल्या. आप्पासोनं नाही म्हटल्यावर पलीकडच्या दोघांनीही नाही म्हटलं होतं. आता पार कऱ्हाडच्या पुढं जायचं, जिथं अजून कुणी काही ऐकलेलं नसेल. दिवसभराची चाल, आणि कोकरं चालणारी नव्हती. ती घोड्यावर, पाटीत घालून न्यायची.

धुळाचा एक डोळा लाल झाला होता, गंजाचा कण गेलेला. रंगुबाई त्यात पदराचं टोक फिरवत होती. चंद्राबाई जवळ गेली.

“गुलाबपाणी देऊ का?”

“नगं,” रंगुबाई म्हणाली. मग राहवेना म्हणून की काय, हळू म्हणाली, “मालकीणबाई, एक इचारू? पुढल्या साली आमी यायचं का न्हाई, तेवढं सांगा. म्हंजी आत्ताच दुसरीकडं बोलून ठिवतो.”

चंद्राबाईला वाटलं, हिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

“रंगू, तू तरी सांगायचंस की उदाला. माजं नाव घ्यायचंस.”

रंगुबाईनं तिच्याकडं सरळ बघितलं. “तुमच्या ल्योकापुढं तुमचं नाव? आन मग तुमी म्हणला असता, न्हाई, मी न्हाई काढलं. मग?”

“मी असं म्हणले असते?”

“मला काय ठावं,” रंगुबाई म्हणाली. “परवापतुर मला ठावं हुतं.”

अंगणात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. रंग भाजायचा होता. आधी थोडा वेळ इंजिन चालवून थंड करायचं, मग जास्त वेळ. तापलं की हा रंग लोखंडाला घट्ट बसतो, असं उदयसिंहानं सांगितलं होतं. मागून पांढुरका धूर निघाला, नव्या रंगाचा उग्र वास पसरला, घोडी बिथरली. मग धूर विरळ झाला. आवाज एकसारखा, मऊ. उदयसिंह मागं वाकून बसला, नळीकडं बघत. उठला तेव्हा तो हसत होता. खरोखर चांगला हसायचा तो, लहानपणासारखा.

“झकास! धुळाबा, या. बघा की स्वतःचं काम.”

धुळा आला. डोक्यावर आज पटका होता. त्यानं वाकून बघितलं. “लखलखीत झालंया,” म्हणाला, आणि ते खरं होतं, त्यात कुठंही टोमणा नव्हता.

पाटावर पाणी धरायला निघालेला आप्पासो आवाजानं थांबला होता. आणखी दोघं-तिघं थांबले. उदयसिंहाला माणसं जमली की बरं वाटे. त्यानं धुळाच्या खांद्यावर हात ठेवला.

“हे बघा, माझ्या मनात आता काही न्हाई. माणसाकडून चूक होते, केली, भोगली, विषय संपला. आमच्याकडं पनिशमेंट झाली की कुणी परत तोंडावर मारत न्हाई.” मग आप्पासोकडं वळून, “मी माफ केलंय ह्यांना. तुम्हीही मनात ठेवू नका.”

आप्पासोनं मान हलवली, पण रान देतो असं काही म्हणाला नाही. धुळानं हात जोडले. पंचवीस वर्षांत त्यानं ह्या अंगणात देवाशिवाय कुणाला हात जोडले नव्हते. जोडले, कारण एवढी माणसं उभी असताना दुसरं काय करायचं, ते त्यालाही सुचलं नसावं. लाल झालेल्या डोळ्यातून पाणी येत होतं आणि तो ते पुसत नव्हता. पुसलं असतं तर लोकांना वेगळंच वाटलं असतं.

“निगतो,” तो म्हणाला. “मालकीणबाई, येतो.”

“धुळाबा, थांब.”

आवाज आपलाच आहे हे चंद्राबाईला मागनं कळलं. तो फार मोठा निघाला होता, रानातून गुरं हाकताना काढतात तसा. सगळ्यांनी वळून बघितलं.

ती ओट्यावरून खाली आली. तिनं गाडीच्या बॉनेटवर हात टेकला. पत्रा गरम होता.

“कुलूप कुणी तोडलं न्हाई,” ती आप्पासोला म्हणाली. “ते बगा, कडीला हाय. धड हाय. माज्या कमरेच्या किल्लीनं मी काढलं. कोकरं मरत हुती गारठ्यानं, म्हणून मी आत घातली. धुळाबानं मागितलं बी नव्हतं. रंगूनं मागितलं नव्हतं. पाचट मी पसरलं. ह्येंनी बगितलंय.” तिनं बाजेकडं हात केला. “आन हा मानूस तीन दीस उताणा पडला, आन मी च्या करत बसले.”

आप्पासो आपल्या फावड्याकडं बघू लागला. रंगुबाईनं घोड्याचा लगाम धरला होता, तो तिच्या हातात सैल झाला. इंजिन अजून चालूच होतं. उदयसिंहानं खिडकीतून हात घालून ते बंद केलं, आणि अंगण एकदम उघडं पडल्यासारखं झालं.

“आई, तू?”

“मी.”

“मग त्यानं का सांगितलं आम्हीच म्हणून?”

“मला वाचवायला.”

उदयसिंहाचा चेहरा तांबडा झाला. तो धुळाकडं बघायला गेला आणि बघू शकला नाही. खांद्यावरचा हात त्यानं कधीच काढला होता, आता तो कुठं ठेवावा ते त्याला कळेना.

“अगं, पण तीन दिवस? तीन दिवस मी हितंच हाय. जेवायला वाढतीस, झोपताना पांघरूण घालतीस. एकदा तरी म्हणायचंस. मी काय... मी काय तुला खाल्लं असतं?” त्यानं बापाकडं बघितलं. “बाबा? तुम्ही पण?”

लालासाहेबानं पेपर उचलला. वाचायला नव्हे, हातात काहीतरी असावं म्हणून. मग तो परत खाली ठेवला. धुळा पटक्याचं टोक खोचत राहिला. कुणीच कुणाकडं बघत नव्हतं. प्रत्येकजण आपापल्या पायाशी काहीतरी शोधत होता, आणि उदयसिंह त्या सगळ्यांच्या मधोमध उभा, एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत.

“बोल की आई. का न्हाई सांगितलंस?”

“तुजं भ्या वाटतं, उदा,” चंद्राबाई म्हणाली. “मला. तुज्या बापाला. आमाला सगळ्यांस्नी तुजं भ्या वाटतं.”